घरचं कपाट की परक्याचं कोठार: चित्रफिती सांभाळण्याचा इतिहास

आजचा विषय वरकरणी इतिहासाचा वाटत नाही. लग्ना-मुंजीच्या जुन्या कॅसेट, मुलांचं पहिलं पाऊल, आजोबांनी सांगितलेल्या गावाकडच्या गोष्टी, हे सगळं आपण टेपांमधून आणि मोबाइलमधून काढून एकत्र करतो. मग प्रश्न येतो, ठेवायचं कुठे? घरात हार्ड डिस्कवर, की इंटरनेटवरच्या क्लाउडवर? हा प्रश्न आपण संगणकवाल्याला विचारतो. तो किंमत सांगतो, वेग सांगतो, किती टेराबाइट लागतील ते सांगतो. माझं म्हणणं, तो एकदा इतिहासवाल्यालाही विचारून बघा. आपली मोलाची गोष्ट घरी ठेवावी की दुसऱ्याच्या कोठारात, हे माणसं फार पूर्वीपासून ठरवत आली आहेत. त्यातलं काय टिकलं आणि काय गेलं, याचा हिशेब आपल्यापुढे आहे.

त्या हिशेबातून मला जे दिसतं ते आधीच सांगून टाकतो. घरात ठेवलेलं जातं ते बहुधा अपघातानं: पूर, वाळवी, बुरशी, चोरी, आळस. कोठारात ठेवलेलं जातं ते बहुधा कुणाच्या तरी निर्णयानं: जागा कमी पडली, खर्च परवडेना, धोरण बदललं. "बहुधा" म्हणतोय, कारण अपवाद आहेत आणि तेही आज सांगणार आहे. पण नाहीसं होण्याच्या या दोन तऱ्हा वेगळ्या आहेत, आणि एकीवरचा इलाज दुसरीवर चालत नाही. एवढं धरून पुढे जाऊ.

सुरुवात आपल्याच दप्तरखान्यापासून करू. जुन्या वाड्यांत कागद रुमालात बांधायची पद्धत होती. रुमाल फडताळात, माळ्यावर, कोनाड्यात. देशमुख, कुलकर्णी, सरदार, सावकार, प्रत्येकाच्या घरी असं काहीतरी असे. १८१८ साली पेशवाई गेली आणि सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढे त्यासाठी पुण्यात खास दगडी इमारत उभी राहिली. तिला आपण पेशवे दप्तर म्हणतो. घराण्यांचे खासगी कागद मात्र वाड्यांतच राहिले.

म्हणजे बघा, एकाच राज्याचे कागद, निम्मे घरी आणि निम्मे कोठारात. इतिहासात अशी तुलना सहसा मिळत नाही. वाड्यांतल्या कागदांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. वाळवी लागली, पावसाळ्यात छत गळलं, भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा भांडीकुंडी मोजून घेतली आणि रुमाल कुणालाच नको होते. काही रद्दीत गेले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून उरलेले कागद गोळा करत होते ते याच परिस्थितीत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला. पुढे असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, त्यामागेही हीच धडपड होती.

आणि सरकारी कोठारातले कागद? ते कोरडे होते, रचून ठेवलेले होते, पहारा होता. वाळवीची चिंता कमी. पण दार बंद! न्यायमूर्ती रानड्यांसारख्या एखाद्याला आत पाहता आलं, एरवी संशोधकांना ते दार बहुतांशी बंदच राहिलं. शेवटी गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचं काम आलं आणि १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ भाग छापून निघाले. राजवाडे १९२६ सालीच गेले होते. ज्या माणसानं मराठी कागदांसाठी आयुष्य घालवलं, त्याच्या हयातीत त्याच्याच शहरातलं सगळ्यात मोठं दप्तर उघडलं नाही. कागद सुरक्षित होते यात शंका नाही. किल्ली दुसऱ्याकडे होती.

क्लाउडबद्दल बोलताना आपण "सुरक्षित" हा शब्द वापरतो, तेव्हा मला हे दप्तर आठवतं.

आता हलत्या चित्रांकडे येऊ. पहिली अडचण अशी की जुनी फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेटते, आणि नाही पेटली तरी कुजत जाते. दुसरी अडचण, तिच्यात चांदी असते. चित्रपट चालून झाला, त्याचा धंदा संपला, की निर्मात्याच्या दृष्टीनं त्या डब्यांत उरली ती चांदी. आपल्याकडे सुमारे १३०० मूकपट झाले असं मानलं जातं. त्यांतले ३०सुद्धा आज उरलेले नाहीत, आणि जे उरले त्यांतलेही बरेच तुकड्यांत. 'आलम आरा', १९३१ सालचा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

फाळक्यांचं जे उरलं त्याची कथा बोलकी आहे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथे पी. के. नायर नावाचा विलक्षण माणूस होता. त्यांनी जिथून मिळतील तिथून डबे गोळा केले आणि फाळके कुटुंबीयांकडून मिळालेल्या रिळांना त्यात मोठं स्थान आहे. 'कालिया मर्दन' आज आपण बराचसा पाहू शकतो. म्हणजे धंदेवाल्यांच्या गोदामात जे राहिलं नाही ते घरच्यांच्या मायेनं थोडंफार राहिलं, आणि मग संस्थेनं ते सांभाळलं. घर आणि कोठार, दोघांनी मिळून.

आणि इथेच माझ्या नियमाला अपवाद. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठीला आग लागली. जुन्या मूळ प्रतींचा मोठा साठा जळाला. ज्यांच्या दुसऱ्या प्रती आधीच काढून दुसरीकडे ठेवल्या होत्या, ते चित्रपट राहिले. तेव्हा कोठारालाही अपघात होतात, हे विसरू नका. कोठार मोठं असतं, त्यामुळे अपघातही मोठा होतो.

आता जरा लांब जाऊ, लंडनला. कारण माझ्या मुद्द्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तिथे आहे.

१९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीनं दूरचित्रवाणीसाठी पहिलं व्यवहारात वापरता येणारं व्हिडिओ टेप यंत्र दाखवलं. दोन इंच रुंद टेप, आणि महाग. महाग असल्यामुळे एक सवय लागली: कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि पुन्हा वापरायची. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत हे सर्रास केलं. त्यात कुणी खलनायक नव्हता. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या, रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना कुणी विचारणार नाही असं वाटत होतं, कपाटं भरली होती. फायलीवर शेरा मारायचा आणि टेप पुसायला पाठवायची. 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले शंभरच्या आसपास भाग असे गेले.

गंमत पुढे आहे. त्या गेलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. तो कुठून आला? घराघरांतून! मालिकेवर प्रेम करणारी शाळकरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करत होती. घरात व्हिडिओ टिपायची सोय नव्हती, निदान आवाज तरी. कुणी आईला गप्प बसायला सांगून केलं असेल, कुणी तार जोडून नीट केलं असेल. एका राष्ट्रीय संस्थेनं टाकून दिलेलं या पोरांनी खोक्यात जपलं.

चित्रं थोडी मिळाली, ती परदेशातून. बीबीसी हे कार्यक्रम दुसऱ्या देशांच्या केंद्रांना फिल्मवर उतरवून विकत असे. २०१३ साली असे नऊ भाग मिळाल्याचं जाहीर झालं. ते नायजेरियातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रात धूळ खात पडले होते. लंडनचा निर्णय नायजेरियाला लागू झाला नाही, म्हणून ते वाचले. माझ्या दृष्टीनं या सगळ्या हकिकतीचं मर्म इथे आहे. प्रती तीन होत्या की तेरा, याला तितकं महत्त्व नव्हतं. एकाच्या हुकमानं सगळ्या पुसल्या जातील अशा त्या एका हातात नव्हत्या.

घरी चित्रफीत साठवणं हे तेव्हा शक्यही नव्हतं आणि पुढे शक्य झालं तेव्हा ते कायदेशीर आहे का यावर वाद झाला. सोनीचं बेटामॅक्स १९७५ साली आलं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ साली. लगेच युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीला अमेरिकेत कोर्टात खेचलं, की लोकांना घरी टीव्हीवरचं टिपून ठेवता येईल असं यंत्र विकणं हाच गुन्हा. खटला सात वर्षांहून जास्त चालला. जानेवारी १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सोनीच्या बाजूनं निकाल दिला, पाच विरुद्ध चार. एका न्यायमूर्तीचं मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज घरात चित्रफिती ठेवण्याचा इतिहास वेगळाच झाला असता.

त्या काळातली एक बाई मला फार महत्त्वाची वाटते. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स. पूर्वी ग्रंथपाल होत्या. १९७९ च्या सुमारास, इराणमध्ये अमेरिकी दूतावासातले लोक ओलीस धरले गेले तेव्हापासून, त्यांनी घरी दिवसरात्र बातम्या टिपायला सुरुवात केली. एकाच वेळी अनेक यंत्रं चालू. टेप संपायच्या आत बदलायला हवी, म्हणून बाहेर जेवायला गेलं तरी अर्ध्यातून परत यायचं. २०१२ साली त्या वारल्या तोवर हे चाललं. सुमारे ७०,००० टेपा! घरच्यांना वेड वाटलं असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पण वाहिन्यांनी स्वतःच आपल्या जुन्या बातम्या जपल्या नव्हत्या, त्यामुळे या टेपांना मोल आलं. आता त्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे आहेत. आणि हेही बघा, बाईंच्या मागे तो डोंगर उचलणारं कुणी मिळालं नसतं, तर तो भंगारातच जायचा होता.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर. रात्रभरासाठी भाड्यानं व्हीसीआर आणून तीन सिनेमे बघणं, हे तुमच्यातल्या अनेकांनी केलंय. [श्रोत्यांत हशा] त्यानंतर लग्नाची कॅसेट आली. मांडवात तो प्रखर दिवा, नवरा-नवरीच्या डोळ्यांवर, आणि मागे सिनेमातलं गाणं. हसू नका, त्या कॅसेट आज कुटुंबाचं दप्तर आहेत. त्यांत आता हयात नसलेली माणसं पंगतीत वाढताना दिसतात.

त्या कॅसेटची एक प्रत अनेकदा अमेरिकेला जायची, तिकडे असलेल्या भावाला. आणि तिथे ती लागायची नाही! आपल्याकडे पाल पद्धत, अमेरिकेत एनटीएससी. मग सगळ्या पद्धती चालवणारा व्हीसीआर कुणाकडे आहे याची मराठी मंडळींमध्ये चौकशी. तेव्हा तो वैताग होता. आज मागे वळून पाहिलं तर दिसतं की पुण्याची प्रत बुरशीनं गेली आणि न्यू जर्सीच्या तळघरातली कोरडी राहिली, असं होणं अगदी शक्य होतं. कोकण आणि मुंबईच्या हवेत चुंबकीय टेपेवर पांढरी बुरशी धरते हे ज्यांनी कॅसेट उघडून पाहिली त्यांना माहीत आहे. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांत काय भिजलं असेल याची यादी कुणी केलेली नाही.

संगणकाचा भाग मी लवकर उरकतो, कारण तो तुम्हाला इतरत्र मिळेल. पहिली हार्ड डिस्क आयबीएमची, १९५६ सालची. व्हिडिओ टेप आणि हार्ड डिस्क एकाच वर्षी, हा योगायोगच. वजन टनाच्या घरात, चोवीस इंची पन्नास तबकड्या, आणि क्षमता पाच मेगाबाइटच्या आसपास. आजच्या मोबाइलवरचा फोर-के व्हिडिओ त्यात जेमतेम एक-दोन सेकंद मावेल. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क जोडून एक भरवशाची डिस्क करण्याची कल्पना मांडली, तिला रेड म्हणतात. घरी ठेवायच्या नॅस पेट्यांमध्ये तीच वापरतात. तिच्याबद्दल एकच सांगायचं आहे: ती एक डिस्क मेली तर वाचवते. तुम्ही चुकून पुसलंत तर दोन्ही डिस्कवरून इमानेइतबारे पुसते.

डिस्क मरते कधी? २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कनी आधी कसलीच सूचना दिली नव्हती. "खडखड आवाज येऊ लागला की बघू" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता क्लाउड. मार्च २००६ मध्ये अमेझॉननं भाड्याची साठवण विकायला काढली, एका गिगाबाइटला महिन्याला पंधरा सेंट. कोठाराची ही जुनीच कल्पना, फक्त धान्याऐवजी फायली. त्यानंतर कंपन्यांत चढाओढ लागली आणि कोठार फुकट झालं. इथून पुढचा दहा-बारा वर्षांचा काळ मला बीबीसीच्या गोष्टीसारखाच दिसतो, फक्त वेग जास्त.

२०१३ साली फ्लिकरनं प्रत्येकाला एक टेराबाइट फुकट दिलं. २०१८ साली मालक बदलल्यावर जाहीर केलं की फुकट खात्यात फक्त एक हजार फोटो-व्हिडिओ राहतील, बाकीचे काढून टाकू. मायक्रोसॉफ्टनं २०१४ साली अमर्याद जागा देऊ केली आणि वर्षभरात मागे घेतली. अमेझॉननं २०१५ साली अमर्याद योजना आणली, २०१७ साली बंद केली, आणि तो ड्राइव्हच २०२३ च्या अखेरीस गुंडाळला. गूगल फोटोजनं मे २०१५ मध्ये थोड्या कमी दर्जाचे फोटो आणि व्हिडिओ हवे तेवढे फुकट ठेवू असं सांगितलं. १ जून २०२१ पासून ते बंद झालं आणि सगळं पंधरा जीबीच्या हिशेबात आलं. २०२३ साली त्याच कंपनीनं सांगितलं की दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती पुसण्यात येतील.

यातल्या कुणीही फसवलं असं मी म्हणणार नाही. बहुतेकांनी आधी सूचना दिली, मुदत दिली. पण ती सूचना ईमेलनं येते, आणि ज्या आजोबांचं खातं आहे ते आजोबा ईमेल उघडत नाहीत. किंवा ते आता नाहीत, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. दोन वर्षं वापर नाही म्हणजे काय? घरात दोन वर्षं न उघडलेलं कपाट आपल्याला नेहमीचं असतं. माळ्यावरचा रुमाल तर दोनशे वर्षं कुणी उघडला नव्हता.

निर्णयाचा आणखी एक प्रकार आहे, तो जास्त बोचतो. २०२२ साली न्यू यॉर्क टाइम्समध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वडिलांची बातमी आली. लहान मुलाच्या दुखण्याचे फोटो डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्यांनी मोबाइलवर काढले. ते आपोआप क्लाउडवर गेले. यंत्रणेनं ते गैर ठरवून खातं बंद केलं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा झालेला नाही असं म्हटलं, तरी खातं परत मिळालं नाही. मुलाच्या पहिल्या वर्षांच्या आठवणी त्याच खात्यात. असं तुमच्याबाबतीत होईल असं म्हणून घाबरवायचं नाही मला. अशा वेळी दाद कुणाकडे मागायची, एवढंच विचारा. पेशवे दप्तराच्या दारावर निदान एक साहेब तरी भेटत असे.

आणि कोठाराचे अपघात? तेही झाले. २०१९ साली मायस्पेसनं सांगितलं की सर्व्हर हलवताना लोकांनी बारा वर्षांत चढवलेलं संगीत, फोटो, व्हिडिओ गेले. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचं एक डेटा केंद्र जळालं. ज्यांचा मूळ डेटा आणि राखीव प्रत एकाच ठिकाणी होती, त्यांचं दोन्ही गेलं.

उलट बाजूचीही एक गोष्ट सांगतो, कारण घर फक्त हळवेपणासाठी नसतं. १९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेनं चित्रपटाच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. राखीव प्रत काढायला गेले तर ती नीट बनतच नव्हती, आणि कुणी तपासलंही नव्हतं. गेलिन सस्मन नावाच्या तिथल्या तांत्रिक दिग्दर्शक नुकत्याच बाळंतीण झाल्या होत्या, घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक गाडीत मागच्या सीटवर नीट बांधून कचेरीत आणला. एवढी मोठी कंपनी, आणि वाचवलं कुणी? बाळाच्या पाळण्याशेजारच्या यंत्रानं.

मग आपल्यासारख्यानं करायचं काय? मला स्वतःला विचाराल तर मूळ प्रत घरी, हे माझं ठाम मत आहे. कारण मूळ दर्जाची, न दाबलेली फाइल आपल्या हातात हवी. फुकट किंवा स्वस्त योजनांत व्हिडिओ अनेकदा लहान करून ठेवला जातो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय परत आणण्याचा वेळ धरा. एक टेराबाइट व्हिडिओ सेकंदाला ४० मेगाबिट वेगानं चढवायचा तर अखंड पंचावन्न तास लागतात. क्लाउड बंद व्हायची नोटीस आली, घरी जागा नाही, आणि लाईट जाते-येते, अशा वेळी हे आकडे आठवतात.

पण फक्त घर, हेही मला मान्य नाही. राजवाड्यांनी पाहिलेली वाळवी आता डिस्कच्या रूपात येते. पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं तीन-दोन-एक असा ठोकताळा रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. चांगला आहे. त्यात मी नायजेरियाची भर घालीन. तिन्ही प्रती एकाच हुकमाखाली नकोत. घरची डिस्क आणि मोबाइल दोन्ही एकाच क्लाउड खात्याशी जुळवून ठेवले असतील, तर तिथे पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. प्रती तीन दिसतात, निर्णय एकच असतो.

एक गोष्ट राहिली, वाचता येण्याची. पेशवे दप्तर आज उघडं आहे, पण कागद मोडीत आहेत. शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आपल्याच पणजोबांचं पत्र आपल्याला वाचता येईना. व्हीएचएसचं तेच झालं. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई, तिनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कॅसेट सुरक्षित असेल, चालवणार कशावर? तेव्हा ज्यांच्या घरी अजून टेपा आहेत त्यांच्यापुढे घर की क्लाउड हा आजचा प्रश्नच नाही. आधी त्या डिजिटल करून घ्या, यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात आहेत तोवर.

इथे थांबतो. एखादा प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, माझ्याकडे जवळपास चारशे जीबी व्हिडिओ आहेत, मुलगी बंगळुरूला असते. क्लाउडचे पैसे दर महिन्याला भरायचे का?

भरत असाल तर भरा, मुलगी रोज बघेल, त्यात आनंद आहे. पण ते भाडं आहे, विकत घेतलेली जागा नव्हे, हे धरून चाला. कार्ड बदललं, हप्ता चुकला, तर काय होतं ते एकदा त्यांच्या नियमांत वाचा. मी दोन डिस्क घेईन, शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या. एक घरी. दुसरी मुलीकडे बंगळुरूला, आणि दिवाळीत ती आली की अदलाबदल: तिनं आणलेली इथे भरायची, भरलेली तिनं न्यायची. म्हणजे वर्षातून एकदा दोन्ही डिस्क चालू होतात की नाही तेही कळतं. क्लाउड खात्यात तुमच्यानंतर कुणाला प्रवेश द्यायचा हे नोंदवायची सोय काही कंपन्यांत आहे, गूगलमध्ये आहे, ॲपलमध्ये आहे, ती आजच भरा. आणि दोन्ही डिस्कवर कागद चिकटवा. आत कोण-कोण आहे, कुठलं लग्न, कुठलं साल, आणि डिस्क कधी घेतली. फायलींची नावं यंत्र देतं, त्यात माणसांची नावं नसतात. ती सांगणारी मंडळी घरात आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून लिहून घ्या.